क्लिप बसेपर्यंत

"हॅलो?… हॅलो, कोण? छोटे, तू?… अगं मोठ्यानं बोल, इकडे ग्राइंडर चाललाय… नाही, जेवले नाही अजून. हात बरबटलेत. तू… काय?… परत सांग. काय झालंय शाफ्टला?"

ताईने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता, कारण दोन्ही हात कोपरापर्यंत ग्रीसने माखले होते. एका मासेमारी बोटीच्या पोटाखाली उकिडवी बसून ती बोटीला पाण्यात ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा, म्हणजे शाफ्ट, पुसत होती. पाण्याच्या काठाला पत्र्याची शेड, शेडमधून थेट पाण्यात उतरणारे रूळ आणि रुळांवरून बोट वर ओढायची गाडी. वडिलांच्या मागे हे सगळं तिनेच चालवलं होतं. धाकट्या बहिणीला, घरादाराच्या छोटीला, मात्र या शेडमध्ये कधी करमलं नाही. तिला बोटी वर ओढलेल्या नाही, पाण्यात आवडायच्या. तिने लग्नही बोटवाल्याशीच केलं. त्याची बोट लहान पण रुबाब मोठा, म्हणून धक्क्यावर सगळे त्याला कप्तान म्हणायचे, आणि तोही ते बिनतक्रार ऐकून घ्यायचा. बोटीवर ही दोघंच असायची. समोरच्या बेटांवर पिठाची पोती, गॅसचे सिलिंडर, औषधांची खोकी पोचवायची आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं.

"ए, बंद करा तो ग्राइंडर!… अहो वेल्डर, बंद करा म्हणते ना!… हां, छोटे, आता बोल. पाणी येतंय? कुठून?… मागून? शाफ्टपाशी?… किती येतंय? ठिबकतंय की धार?… धार. बरं. इंजिन चालू आहे? बंद कर. आधी इंजिन… बंद केलंस? शाब्बास. मग आता… रडू नकोस, मला कळत नाहीये… कोणाचा हात?"

ती उठून उभी राहिली. उठताना डोकं बोटीच्या तळाला आपटलं, ते तिला कळलंही नाही.

"कप्तानांचा हात… शाफ्टमध्ये?… म्हणजे बाही अडकली? की हात?… छोटे, बाही की हात?… दोन्ही."

शेडमध्ये आता इतकी शांतता झाली होती की फोनमधला पाण्याचा आवाज वेल्डरलाही ऐकू गेला असावा. तोंडावरची लोखंडी झाप वर करून तो ताईकडे बघत राहिला. म्हातारा माणूस. वडिलांच्या वेळेपासून इथेच होता.

झालं होतं ते असं. बेटांवर माल उतरवून दोघं रिकाम्या बोटीने परतत होती. मागच्या बाजूला खालून पाण्याचा खळखळाट ऐकू आला, म्हणून कप्तान फळ्या उचलून इंजिनाच्या खणात उतरला. सुकाणू छोटीकडे दिलं आणि इंजिन चालूच ठेवलं. वाकून बघताना अंगातल्या जाड स्वेटरची बाही शाफ्टच्या जोडावरच्या बोल्टने पकडली आणि बाहीच्या मागोमाग हात गेला. छोटीने ओरडा ऐकून इंजिन बंद केलं, तोवर हात दंडापर्यंत दांड्याला पिळून बसला होता.

"छोटे, ऐक. तुम्ही कुठे आहात?… अगं नेमकं सांग. दिवा असलेला खडक दिसतोय का?… डाव्या हाताला. बरं. जरा थांब, फोन ठेवू नकोस हां. वेल्डर! तुमच्या फोनवरून बंदराच्या बचाव केंद्राला लावा. सांगा, दिव्याच्या खडकाच्या आतल्या बाजूला मालवाहू बोट, पाणी भरतंय, माणूस अडकलाय. जखमी आहे म्हणावं. डॉक्टर पाठवा म्हणावं… हं, छोटे, आहे मी. फोन कुठे ठेवलायस? हातात?… गळ्यात ती प्लॅस्टिकची पिशवी आहे ना तुझी? त्यात टाक, स्पीकर लाव आणि गळ्यात राहू दे. तुला दोन्ही हात मोकळे हवेत. केलंस?… हां, आता तुझा आवाज लांबून येतोय, पण येतोय. पंप चालू आहे का?… चालू आहे, पण पाणी चढतंयच. समजलं."

ताईने फोन खांद्यावरून काढून ग्रीसच्या हातात धरला. तो निसटत होता, म्हणून मग दोन्ही हातांनी धरला.

"कप्तान कसे पडलेत? उताणे?… कुशीवर. पाणी कुठवर आलंय त्यांच्या?… कमरेपर्यंत. डोकं वर आहे ना? डोक्याखाली काहीतरी दे. तरंगायचं जॅकेट दे… तुझं दे गं, त्यांचं कशाला शोधत बसतेस! तुझं नंतर बघू… हं. रक्त?… अगं, पाणी लाल दिसतंय का?… किती लाल?"

ती ऐकत राहिली. मग छोटीने तो प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर द्यायला जगात दुसरं कोणी जवळ नव्हतं: आधी पाणी थांबवू की आधी हात?

"हात. आधी हात बांध. त्यांच्या कमरेचा पट्टा काढ… तुझी ओढणी असेल तर ती घे, काहीही घे, पण रुंद असू दे. काखेच्या जितक्या जवळ जाईल तितकी ने. गाठ मार, गाठीत पान्हा घाल आणि पीळ दे… ओरडू देत. ओरडू देत गं! पीळ. अजून… अजून एक… आता पान्हा तिथेच बांधून टाक, सुटता कामा नये. झालं?… छान. छान केलंस. अहो कप्तान! ऐकू येतंय का? मी ताई… हो, मीच. काय म्हणताय?… हो, हो, माझीच जीभ काळी. मीच म्हणाले होते रबर बदला. आता भांडायचं असेल तर शेडमध्ये येऊन भांडा… हसताय? हसा. छोटे, हसताहेत ना ते? की मला तसं वाटलं?… हसताहेत. बरं."

कप्तानाशी तिचं या शाफ्टच्या सीलवरून दोन उन्हाळे भांडण चाललं होतं, पण ते दोघांनाही आवडायचं असं भांडण होतं. इंजिन बोटीच्या आत, पंखा बाहेर पाण्यात. मधला दांडा बोटीला भोक पाडूनच जातो, आणि त्या भोकातून समुद्र आत येऊ नये म्हणून सील. जुन्या पद्धतीत दांड्याभोवती ग्रीस लावलेल्या दोरीचे वेढे घालतात आणि वरून नट आवळून ते दाबतात. त्यातून पाणी थोडं थोडं ठिबकायलाच हवं, तेवढ्यानेच दांडा थंड राहतो. जास्त आवळलं तर तापतं, दांड्यावर चरे पडतात. ढिलं सोडलं तर तळात पाणी साठतं. महिन्यातून एकदा तरी त्याच्याकडे बघावं लागतं. नव्या पद्धतीत रबराची घडीदार नळी एक काळी चकती पोलादी चकतीवर दाबून धरते आणि थेंबही आत येत नाही. कप्तानाला तेच हवं होतं. ठिबकणाऱ्या पाण्याने त्याची पिठाची पोती खालून भिजायची. ताईने त्याला तसं सील स्वतःच्या हाताने बसवून दिलं होतं. त्यात काही वावगं नव्हतं. फक्त एक गोष्ट ती प्रत्येक वेळी सांगायची: दोरी बिघडायच्या आधी कुरकुर करते, रबर करत नाही. रबर वरून ठीक दिसतं आणि एक दिवस फाटतं. म्हणून ते वयावर बदलायचं, दिसण्यावर नाही. कप्तान मान डोलवायचा. नवं रबर त्याने आणूनही ठेवलं होतं. पण ते बदलायला बोट पाण्याबाहेर काढावी लागते, चार दिवस धंदा बंद ठेवावा लागतो. एवढी फेरी होऊ दे, मग काढू, असं करत करत तो ऐन कामाच्या हंगामात येऊन पोचला होता.

"छोटे, आता त्यांना सोडवायचा एकदा प्रयत्न करू. गिअर मोकळा आहे ना? मोठा पान्हा घे. दात असतात तो, पाइपचा. तो दांड्याला लाव आणि उलटा फिरव. ज्या बाजूने हात आत गेला त्याच्या उलट… हळू… फिरतोय?… नाही? कशात अडकलाय?… स्वेटरचा दोर झालाय. सुरीने काप… कापत नाही? ओली लोकर… कप्तान, थोडं सहन करा हं… थांब! थांब, छोटे, थांब. नको. असू दे. सोड तो पान्हा."

कप्तानाच्या त्या आवाजाने वेल्डरने तोंड फिरवलं. बचाव केंद्राशी त्याचं बोलणं झालं होतं. त्याने हाताने खूण केली: निघालेत. मग दुसरी खूण केली, ताईने ती बघितली आणि न बघितल्यासारखं केलं. वेळ लागेल.

"हॅलो? छोटे… हो, बचाववाले निघालेत. निघालेत गं, येतीलच. तोवर आपण पाणी थांबवायचं. पाणी चढलं नाही तर कप्तानांना काही घाई नाही, ते आरामात पडून राहतील. कळतंय का? सगळं आता त्या पाण्यावर आहे… ऐक. त्यांनी नवं रबर आणलेलं, ते कुठे ठेवलंय?… अहो कप्तान, कुठे ठेवलंत ते?… नकाशांच्या खणात? रबर नकाशांच्या खणात ठेवतात होय! जा, छोटे. पळ… अगं जा, मी बोलते आहे ना त्यांच्याशी."

फोन छोटीच्या गळ्यात होता, म्हणजे छोटी गेली की फोनही जाणार, हे ताईच्या लक्षात बोलल्यावर आलं. ती तरीही बोलत राहिली.

"कप्तान, ही आत्ता येईल हं परत. तिला धावायची सवय आहे, लहानपणापासून… काय गं?… मिळालं? खोक्यात आहे? क्लिपाही आहेत त्यात? हं, त्या बाहेर काढ. आता ऐक, नीट ऐक, मी एकेक करून सांगते. सुरी घे आणि ते नवं रबर उभं काप. आडवं नाही, उभं. लांबीत. एका बाजूने चीर, म्हणजे ते पुस्तकासारखं उघडेल… हो, नवंकोरं आहे, माहितीये, काप तू! जपून ठेवायचं कशासाठी?… कापतंय? जाड असतं, करवतीसारखी सुरी चालव… हं… हं… झालं? आता खाली बस. जुनं रबर कुठे फाटलंय ते हाताने चाचप. पाणी अंगावर येईल, येऊ दे."

ताई स्वतःही बसली होती. समोरच्या बोटीच्या शाफ्टवर तिचा डावा हात नकळत तेच चाचपत होता. तो शाफ्ट कोरडा होता.

"खालच्या बाजूला? घडीत? अर्धं फाटलंय?… म्हणजे अर्धं शाबूत आहे. चांगलं आहे. आता हे उघडलेलं नवं रबर त्याच्यावरून गुंडाळ. चीर वर राहू दे, फाटलेली जागा खाली झाकली जाऊ दे. पाणी ढकलेल तुला. तू पण ढकल. गुंडाळलंस?… कमी झालं ना पाणी?… झालं! बघ. आता ते दोन्ही हातांनी आवळून धर. सोडू नकोस. क्लिपा कुठे आहेत?… मांडीवर. बरं. क्लिप पूर्ण उघडायची, पट्टी सरळ करायची, रबराखालून घालायची आणि वर आणून स्क्रूमध्ये अडकवायची. एका हाताने रबर धरून ठेव… जमेल. अगं, जमेल. मी कितीदा एका हाताने लावलीये… हो, मला माहितीये मी उजेडात लावते. तू अंधारात लाव. पाण्याखाली बघायचं नाही, बोटांनी बघायचं."

मग बराच वेळ फक्त आवाज होते. पंपाची घरघर, छोटीचा श्वास, धातूचं धातूला लागणं, एक शिवी. ती शिवी ऐकून ताईला बरं वाटलं.

"पडली? पडू दे. दुसरी घे… हात गारठलेत? तोंडात घाल बोटं क्षणभर. हं… कप्तान! कप्तान, बायको बघा तुमची काय काम करतेय! आता मला हिला शेडमध्ये कामाला ठेवावी लागणार… कप्तान?… छोटे, बोलत नाहीत का ते?… झोपलेत? झोपले म्हणजे काय?… हाक मार. मोठ्यानं. माझ्या समोर मार, मला ऐकू दे."

छोटीने हाक मारली. ताईने ऐकली. छोटीने पुन्हा मारली, नावाने, जे नाव धक्क्यावर कोणी वापरत नव्हतं.

"डोकं पाण्यात गेलंय का त्यांचं?… नाही. वर आहे. जॅकेटवर आहे. चेहरा कसा दिसतोय?… पांढरा. ओठ?… डोळे उघडे आहेत की मिटलेले?… अर्धे. अर्धे उघडे."

वेल्डर जवळ आला होता. ताईने त्याच्याकडे पाहिलं. रक्ताचं गणित तिला येत नव्हतं, पण पट्टा काखेपाशी बांधला आणि तरी पाणी लाल होत राहिलं असेल, हे तिला आता उमगत होतं. लाल पाण्यात लाल रक्त कोण बघणार. आत कुठेतरी, बरगडीपाशी, दांड्याने आणखी काही ओढलं असेल. छोटी तिथे बघू शकत नव्हती. ताईने तिला बघायला सांगितलंही नव्हतं.

"पोहोचतेस का तू त्यांच्यापर्यंत? रबर न सोडता?… एक हात लांब कर. पूर्ण लांब कर… किती राहतंय?… वीतभर."

आणि मग छोटीने विचारलं. ताईला ते शब्द आधीच ऐकू आले होते, तरी ते आल्यावर ती एका हाताने बोटीच्या तळाला धरून राहिली.

"नाही… नाही, छोटे… अगं ऐक ना… ऐक. सोडू नकोस… माहितीये. माहितीये मला. पण क्लिप बसलेली नाही. तू हात काढलास की ते रबर उडणार. मग पाणी येणार, आणि ते खालीच आहेत, ते अडकलेलेच आहेत, तू त्यांना उचलू शकणार नाहीस. मग तूही… हो, मला तुझीच काळजी आहे! मग कोणाची असणार!… शिव्या दे मला. दे. पण स्क्रू फिरव. स्क्रूवर आहे का बोट?… फिरव. उजवीकडे… उजवीकडे, छोटे… मी काय सांगते ते कर, एवढंच कर. फिरव… फिरतोय? अजून… आता स्क्रूड्रायव्हर लाव. आवळ… हुंदके नंतर, आधी आवळ. पट्टी रबरात रुतेपर्यंत आवळ… बसली?… हात हळूच काढून बघ. एकदम नको. हळूच… आता?… येतंय पाणी?… थोडंसं. थोडंसं चालतं. जा. जा आता त्यांच्याकडे. जा!"

पाण्यातून गुडघ्यांवर सरकण्याचा आवाज. मग जवळून कपड्याचा आवाज, फोन दोन माणसांच्या मध्ये दाबला गेल्यासारखा.

"नाकाशी गाल धर… लागतोय श्वास?… मानेवर बोटं ठेव, जबड्याच्या खाली. बोटं गारठलीत तुझी, नीट दाब… नाही?… तोंडाने हवा दे. नाक धर आणि दे… दे अजून… छाती दाबता येतेय? कुशीवर आहेत… हात मागे अडकलाय, वळत नाहीत… हं. मग हवाच दे."

ताईने किती वेळ ऐकलं ते तिने पुढे कधी कोणाला सांगितलं नाही. वेल्डर शेजारी जमिनीवर बसला होता, झाप मांडीवर घेऊन. पंपाचा आवाज एकदम बदलला, घरघर पातळ झाली, पंप हवा खेचायला लागला. म्हणजे पाणी उतरत होतं. एरवी या आवाजाने ताईला किती समाधान मिळालं असतं.

"छोटे… बाळा… थांब आता. थांब जरा. तुलाच श्वास पुरत नाहीये… हो, ऐकतेय. बोल."

"…"

"हो."

"…हो, बाळा. गेले."

फोनमधून येणारा तो आवाज तिने कानापासून दूर केला नाही. उलट आणखी जवळ धरला. वेल्डरने हात पुढे केला, काय करावं न कळून तो तसाच तिच्या खांद्यावर ठेवला, आणि ग्रीस त्याच्या हाताला लागलं.

"…हो. मी सांगितलं… हो, मीच म्हणाले सोडू नकोस… सोडलं असतंस तर? नाही माहीत. खरंच नाही माहीत, छोटे. तुला खोटं सांगू का?… वीतभरच होतं, हो. पण ऐक, ऐक माझं. तू विचारलंस आणि मी नाही म्हणाले. म्हणजे ते माझं आहे. कोणी विचारलं, त्यांच्या आईने विचारलं, तरी सांग, ताईने सांगितलं म्हणून. आत्ताही, पुढेही… राग कर माझा. कर. जन्मभर कर. तू आहेस ना करायला, मला पुरे आहे तेवढं."

बाहेर, शेडच्या उघड्या बाजूला, पाणी निवांत होतं. वरच्या रस्त्यावरून सायकली जात होत्या.

"काय?… आवाज येतोय? इंजिनाचा?… वर जा आणि बघ… बरं, नको जाऊस वर. तिथूनच हाक मार. त्यांना फळ्या उघड्या दिसतील, ते येतील खाली… हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… हो, मी तिची मोठी बहीण. आणि बोटीचं काम मीच बघते… हो, माहीत आहे आम्हाला. तिने बघितलंय… डॉक्टर आहे ना तुमच्याबरोबर? बघू द्या त्यांना तरी… हो… हो. समजलं."

तो माणूस सौम्यपणे बोलत होता, अशा बातम्या सांगायची सवय असल्यासारखा. मग त्याने विचारलं की बोट दोरीने ओढून आणायची का, कारण हात दांड्यातून निघत नाहीये, आणि इथे पाण्यात तो काढायचा म्हणजे… त्याने वाक्य पुरं केलं नाही.

"नाही, नाही, तिथे काही काढू नका. आहेत तसे आणा. इथे मी बोट वर घेते, मग दांडा मागून सोडवते, हळूहळू… माझ्या हातांनी. कोणी कापाकापी करू नका… आणि ऐका, दोरी बांधायच्या आधी दांडा जाम करा. कळलं? बोट ओढली की पंखा पाण्याने आपोआप फिरतो, पंखा फिरला की दांडा फिरतो, आणि दांड्यात ते… ते आहेत. आणि रबर नुसतं गुंडाळलेलं आहे, तेही सुटेल. तिथे पाइपचा मोठा पान्हा असेल, तो दांड्याला लावा आणि पान्ह्याची मूठ बाजूच्या फळीला बांधा. दोन्हीकडून बांधा, हलता कामा नये. मग हळू ओढा. चालत्या माणसाएवढं. घाई नको… हो, गिअरवर भरवसा नको. बांधाच. बांधून झाल्यावर मला सांगा… नाही, मी फोनवरच आहे."

तिने वेल्डरला खूण केली, तो उठला आणि गाडीच्या चाकांखालची पाचर काढायला गेला. मासेमारी बोट आधी बाजूला सरकवावी लागणार होती. मग रिकामी गाडी पाण्यात सोडायची.

"हां, बोला… बांधलं? हलवून बघितलंत?… धन्यवाद. तिला तुमच्या बोटीवर घ्या आता. पांघरूण द्या, ती भिजली आहे… येत नाही म्हणते?… द्या तिच्याकडे… छोटे. ऐक, त्यांच्या बोटीवर जा. उबेला बस… का?… अगं, क्लिप सुटणार नाही, तू आवळलीयेस. तपासायला ते ठेवतील माणूस… नाही?… बरं. बरं, बस मग तिथेच. त्यांच्याजवळ बस. पांघरूण तरी घे अंगावर. आणि डोळे मिटून टाक त्यांचे, उघडे राहिलेत म्हणालीस ना. हळूच, हाताने… केले?… बरं केलंस."

"…"

"त्यांच्या आईला मी सांगते. जाते मी… नाही, फोनवर नाही, घरी जाऊन सांगते. वेल्डर तोवर गाडी पाण्यात सोडतील. तू येईपर्यंत मी परत आलेली असेन. धक्क्याला नाही येणार मी, खाली रुळांपाशी असेन, पाण्यातच. तुला वरून दिसेन… बॅटरी संपत आलीये? ठेव मग. ठेव, लागेल तुला… तू ठेव आधी… मला नाही ठेवता येत, छोटे. तू ठेव."

फोनमध्ये पाणी होतं, वारा होता, दोरी ताणली गेल्याचा आवाज होता. मग काही नव्हतं.

ताईने फोन कानापासून काढला. त्यावर ग्रीसचे ठसे उमटले होते. तिने चिंधीने तो पुसला, मग त्याच चिंधीने हात पुसले, बोटाबोटांतून, नखांखालून. कप्तानाच्या म्हाताऱ्या आईचा हात हातात घ्यावा लागणार होता. ग्रीस पूर्ण निघेपर्यंत ती थांबली आणि मग रस्त्याला लागली.